तिसऱ्या आठवड्यातला खोकला

"हात बघू," मी म्हणाले.

ह्यांनी अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन्ही हात पुढं केले, शाळेत मास्तरांना नखं दाखवतात तसे. मी आधी उजव्या हाताची बोटं हुंगली, मग डाव्या हाताची, मग सदऱ्याचा खिसा. टाकणखाराचा वास, गॅसचा वास, घाम. बिडीचा नव्हता.

"झालं समाधान?"

"तोंड उघडा."

"मालन, गल्लीतली माणसं बघायल्यात."

"बघू देत. तोंड उघडा म्हटलं न्हवं?"

त्यांनी तोंड उघडलं. मी वास घेतला आणि मगच दारातून बाजूला झाले. आतून वृषालीचं हसू ऐकू आलं. "आई, पोलिसात भरती हो तू," ती म्हणाली. तिला हसायलासुद्धा दम लागायचा तेव्हा, पण हसायची.

ह्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आम्ही हुपरीचे. आमच्या गल्लीत घराघरात चांदीचं काम. आमचे हे, हिंदुराव साळोखे, गावातल्याच एका कारखान्यात पैंजणाचं झाळकाम करायचे. एकेक कडी जुळवून, टाकणखार लावून, ज्योतीवर धरून सांधायची. डोळे आणि छाती दोन्ही खाणारं काम. त्यात पंधराव्या वर्षापासून बिडी. दिवसाला एक बंडल, आणि मागणी जास्त असली की दीड. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ह्या बिडीशी माझी सवत असल्यासारखी भांडणं. कधी जिंकले नाही.

मग वृषालीच्या दोन्ही किडन्या गेल्या. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तोंड सुजतंय, पाय सुजतायत म्हणून दाखवायला नेलं आणि तिथून ती सरळ डायलिसिसलाच गेली. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर. किडनी देणार कोण? मला साखर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव खोडलं. ह्यांचा रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. फक्त एक अडलं.

"बिडी," डॉ. हेरवाडकर म्हणाले. "आजपासून आठ आठवडे एकही नाही. चोरून नाही, अर्धी नाही. ऑपरेशनच्या आधी मी स्वतः तपासणार."

"तपासून काय करणार साहेब, घ्या की तशीच काढून," हे म्हणाले.

"बिडीनं भरलेल्या छातीला भूल दिली आणि कफ आत अडकला, तर मुलीला किडनी मिळेल आणि तिचा बाप जाईल. मला दोघंही पाहिजेत."

ह्यांनी मान हलवली. मग खाली बघत विचारलं, "एक किडनी काढल्यावर मूस उचलता येतीया न्हवं साहेब? चांदी आटवायच्या वेळंला लई जड आसती."

डॉक्टर म्हणाले, येईल, तीन महिन्यांनी सगळं करता येईल. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. पोर मरायला टेकली आहे आणि ह्यांना मुशीचं पडलंय! मी त्या वेळी काही बोलले नाही. माझा स्वभाव असा की लगेच बोलले तर थोडक्यात निभावतं, मनात ठेवलं तर आंबतं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी खिशातलं बंडल काढून माझ्यासमोर चुलीत टाकलं. दोन आठवडे घरात वाघ बांधल्यासारखं झालं. भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवायचे, वस्तू सापडली नाही की अंगावर यायचे. लवंगा चघळून चघळून तोंड भाजून घेतलं. हात कापायचे, कडी नीट बसायची नाही, एक दिवस पैंजणाचा अख्खा जोड वितळवून टाकला. पण बिडी नव्हती. मी रोज दारात हात हुंगत होते, मला माहीत आहे.

एकदा वैतागून म्हणाले, "आधी तू तुझी मिश्री सोड, मग मला हुंग."

"मिश्रीनं कुणाची किडनी अडली न्हाई," मी म्हणाले.

तिसरा आठवडा लागला आणि खोकला सुरू झाला.

तसा खोकला त्यांना आधीही होता. बिडीवाल्याला असतोच, सकाळी उठल्यावर चार ठसके आणि संपलं. पण हा तसा नव्हता. पोटातून ओढून काढल्यासारखा यायचा. सकाळी मोरीत ओणवे व्हायचे ते पंधरा-वीस मिनिटं उठायचेच नाहीत. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आणि बाहेर पडायचं ते काळपट तपकिरी, मध्ये काजळीसारखे ठिपके. मी तांब्यानं पाणी ओतून मोरी धुवायची आणि मनात म्हणायची, बिडी सोडून तीन आठवडे झाले, मग हे काळं येतंय कुठून?

शेजारच्या रत्नाक्कांना भिंतीपलीकडं सगळं ऐकू जायचं. एक दिवस दळण घेऊन येताना त्यांनी मला गाठलं.

"हिंदुरावांनी सोडली म्हणतीस न्हवं?"

"सोडलीया की. तीन आठवडं झालं."

"मग ह्यो खोकला?" त्यांनी डबा कमरेवरून खाली ठेवला. "माझा भाऊ बी आसाच. सोडली सोडली म्हणायचा, आन् परड्यात जाऊन ओढायचा. लवंग खाऊन घरात यायचा. माणूस खोटं बोलतंया गं, खोकला न्हाई बोलत."

लवंग! मी गेले तीन आठवडे लवंगेचा वास घेऊन समाधान मानत होते.

त्या दिवशी संध्याकाळी हात हुंगले, काही नाही. तोंड हुंगलं, लवंग. मी सरळ विचारलं, "खोकला का वाढलाय?"

"मला काय ठावं? डायलिसिसला एक म्हातारा येतोय बघ, कागलचा, त्यो सांगत हुता. सोडल्यावर आसं हुतंया म्हणं. आतली घाण निघती."

"वा! तीस वर्षं ओढत हुतासा तवा निघाली न्हाई, आन् सोडल्यावर निघाय लागली! मला काय येडी समजलासा?"

"त्यो म्हणाला ते सांगिटलं. मी काय डॉक्टर हाय?"

"मग डॉक्टरला इचारू या की."

"इचार. पण डॉक्टर म्हणला छाती खराब हाय, ऑपरेशन पुढं ढकला, तर?"

तेही खरं होतं. मलाही तीच भीती. खोकल्याचं नाव डॉक्टरांपुढं काढलं आणि तारीख गेली तर? तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की डॉक्टरांना काही सांगायचं नाही. एक शब्द विचारला असता तर... पण नाही विचारला.

चौथ्या आठवड्यातला बुधवार होता. वृषालीचं डायलिसिस करून दुपारी आम्ही परत आलो. डायलिसिसनंतर ती पिळून काढल्यासारखी व्हायची. खाटेवर पडली होती, ओठांना कोरड, आणि पाणी द्यायचं ते मोजून अर्धी वाटी. मी तिच्या ओठांवरनं ओलं फडकं फिरवत होते. तेवढ्यात हे कामावरून जेवायला आले आणि दारातच खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून खोकायला लागले. थांबेचना. वृषाली डोळे मिटून ऐकत होती. तिच्या कपाळावर आठ्या पडत होत्या, एकेका ठसक्याला एक.

माझं डोकं फिरलं. महिनाभर आंबवलेलं सगळं एकदम वर आलं.

"किती ओढलीसा आज?" मी म्हणाले.

त्यांना बोलता येईना. हातानंच नाही म्हणाले.

"न्हाई काय न्हाई! कुणाला फशिवताय? मोरी मी धुती, काळं काय पडतंय ते मी बघती. मुद्दाम ओढायलासा तुम्ही. नापास व्हायचंय तुम्हांला! डॉक्टरनंच न्हाई म्हणावं, म्हंजी आपल्यावर काय आळ नको. मुशीची काळजी पडलीया न्हवं? द्यायची नसंल किडनी तर सरळ सांगा की, हिच्या तोंडावर सांगा!"

"मालन!" ते कसेबसे म्हणाले.

"आई, बास," वृषाली म्हणाली.

"बास न्हाई. घ्या शपथ. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा ओढली न्हाई म्हणून. मग मी तोंड उघडणार न्हाई."

आमच्याकडं ही शपथ कुणी सहजासहजी घालत नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते त्या पोराला बाधतं, असं आम्ही मानतो. आजारी पोराच्या डोक्यावर तर कुणी खऱ्यालासुद्धा हात ठेवत नाही. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ती शपथ मागितली.

हे मोरीत गेले. हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत धुतले. सदऱ्याला पुसत पुसत आले, खाटेजवळ वाकले आणि वृषालीच्या केसांवर हात ठेवला.

"वृषे, तुझी शपथ. त्या दिसापास्नं एक बी..."

आणि उबळ आली. "एक बी" म्हणून जे खोकायला लागले ते दुमडलेच. तिच्या डोक्यावरचा हात सुटला, खाटेची कड धरावी लागली. वृषाली त्यांच्याकडं बघत होती. ते बघणं मी अजून विसरले नाही.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बघ. देवानं शब्द पुरा करू दिला न्हाई."

माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत.

खोकला थांबल्यावर हे तसेच उभे राहिले. वृषाली हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. मी काय म्हणणार न्हाई तुम्हांला. खरंच न्हाई म्हणणार."

ते जेवले नाहीत. तसेच परत कामावर गेले.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की सकाळचा खोकला निम्म्यावर आलाय. चौथ्या दिवशी आणखी कमी. आठ दिवसांत जवळजवळ बंद! मोरी स्वच्छ. सकाळी उठायचे, चूळ भरायचे, एखादा ठसका आणि चहाला बसायचे. वृषालीनं कान देऊन ऐकलं आणि मला म्हणाली, "आई, पप्पांचा खोकला ग्येला?"

"ग्येला बाई, ग्येला!"

काय सांगू, घरात दिवाळीच झाली. मी शेवयांची खीर केली. रत्नाक्कांना वाटी नेऊन दिली आणि तोऱ्यात सांगितलं, "माझ्या बोलण्याचा दणका बसला. आता खरी सोडली बघा त्यांनी." रत्नाक्का म्हणाल्या, "तुझ्यापुढं कोण टिकणार गं?" मला ते ऐकून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि खोकलाच थांबला म्हटल्यावर हात हुंगायचं मी सोडून दिलं. कशाला उगीच माणसाला दारात उभं करायचं? ते थेट आत यायचे, मी चहा टाकायची.

वृषाली पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागली. एकदा दोघं खाटेवर बसून पुढचे बेत करत होती.

"ऑपरेशन झाल्यावर पयलं काय करणार?" ह्यांनी विचारलं.

"पाणी पिणार. तांब्याभर. एका दमात."

"आन् मग?"

"मग आनी एक तांब्या."

हे मोठ्यानं हसले. हसताना खोकला आला नाही. मी चुलीपुढं बसून देवाला हात जोडले.

ऑपरेशनच्या आधी पाच दिवस आम्हा तिघांना बोलावलं होतं. वृषालीला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरांनी ह्यांची छाती तपासली. पुढून, मागून, बराच वेळ. मग टेबलाच्या खणातून हातात मावेल एवढं यंत्र काढलं. पुढं पुठ्ठ्याची नळी.

"मोठा श्वास घ्या. धरून ठेवा. आता हळूहळू सगळा सोडा ह्यात."

हे नळीकडं बघत राहिले. मला वाटलं, यंत्राला बुजले असतील.

"फुंका की," मी म्हणाले.

त्यांनी फुंकलं. यंत्रावर आकडा वर चढत गेला, तांबडा दिवा लागला. सतरा.

"श्वासातल्या धुराचा आकडा सहाच्या आत पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "हिंदुराव, बिडी?"

"भट्टीचा धूर आसंल साहेब!" मी मध्येच ओरडले. "दिसभर ज्योतीपुढं बसत्यात. बिडी कवाच सोडलीया. खोकला बी थांबलाय!"

डॉक्टरांनी ह्यांच्याकडं बघितलं. "भट्टीचा धूर आहे का?"

'हो' म्हणायला काय जात होतं? डॉक्टरांनी वाट करून दिली होती, मी वाट करून दिली होती. पण ह्या माणसाला खोटं कधी जमलंच नाही.

"न्हाई साहेब. बिडीचा हाय. सकाळी एक ओढून आलोय."

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं.

"रोज किती?"

"दोन. कवा तीन."

"म्हणजे सोडलीच नव्हती."

"सोडली हुती साहेब. चार आठवडं एक बी न्हाई. पण तिसऱ्या आठवड्यात खोकला लागला. लई खोकला. काळं पडाय लागलं. घरात... पोरगी घाबराय लागली. मग एक दिवस कारखान्यातल्या एकानं पुढं केली. म्हटलं, एक ओढून बघू, बसतोय काय खोकला. तर त्यो बसला. दुसऱ्या दिवशी ओढली न्हाई, तर परत उठला. मग रोज एक ओढाय लागलो. खोकला दिसाय नको म्हणून."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. मग चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर पेननं एक नळी काढली आणि तिच्या आतल्या बाजूनं बारीक बारीक रेघा ओढल्या, गवतासारख्या.

"ही आपली श्वासाची नळी. हिला आतून असे केस असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. ते सारखे वरच्या बाजूला हलत असतात, केरसुणीसारखे. धूळ, कफ, सगळं वर ढकलतात. बिडीच्या धुरानं ते आडवे पडतात, झडतात. तीस वर्षं तुमचा केर आतच साचला. बिडी सोडली की नळीचं अस्तर भरून यायला लागतं, केस पुन्हा उगवतात आणि झाडायला लागतात. मग तो तीस वर्षांचा केर बाहेर यायला लागतो. खोकला वाढतो. काळं पडतं."

"म्हंजी..." मी म्हणाले.

"म्हणजे तो खोकला बरं होण्याचा होता. तो आला याचाच अर्थ ह्यांनी बिडी खरोखर सोडली होती. आणखी महिनाभरात आपोआप थांबला असता." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्यावर बिडी ओढली, केस पुन्हा आडवे झाले. म्हणून खोकला बसला. केर आतच आहे. मला एकदा फोन करून विचारायचं होतं हो. घरी कुणी काही म्हणालं का तुम्हाला?"

मी खाली बघत होते. फरशीवर कुणाच्या तरी चपलेचा ओला ठसा होता. आता हे सांगणार, मला वाटलं. सांगावं. डॉक्टरांसमोर सांगावं, हिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला म्हणून.

"न्हाई साहेब," हे म्हणाले. "घरातलं काय न्हाई. माझाच दम निघाला न्हाई."

पुन्हा आठ आठवडे. डॉक्टरांनी नवी तारीख लिहून दिली आणि म्हणाले, मुलीला जपा, डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीला पाणी लागू देऊ नका.

बाहेर वृषाली बाकावर बसून होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं असणार.

"काय म्हणलं?"

"पुढं ढकललंया," हे म्हणाले. "माझ्यामुळं. मी बिडी ओढली."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "कवापास्नं?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगते, उघडलं होतं. 'अगं, शपथ घातली तेव्हा ते खरं बोलत होते, माझ्या बोलण्यानं नंतर ओढली त्यांनी,' एवढंच म्हणायचं होतं. एका श्वासाचं काम.

"झालं थोडं दिस," हे म्हणाले.

"माझ्या डोक्यावर हात ठेवला हुता तुम्ही," वृषाली म्हणाली.

त्यावर ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. गाडीत वृषाली माझ्या शेजारी बसली आणि हे तीन सीट मागं. हुपरी येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी पुन्हा बिडी सोडली. या खेपेला घरात ना आदळआपट, ना लवंगा. मुकाट्यानं सोडली. आणि तिसऱ्या आठवड्यात तो खोकला पुन्हा आला. तेच ओणवं होणं, तेच काळं. आता मला त्याचा अर्थ माहीत होता. मी कोमट पाणी करून मोरीच्या कट्ट्यावर ठेवायची. एकेक ठसका ऐकला की वाटायचं, झाड बाबा, झाड, सगळं झाडून काढ. पण वृषालीला तो अर्थ माहीत नव्हता. खोकला सुरू झाला की ती भिंतीकडं तोंड करून कानावर उशी घ्यायची. बाप खोलीत आला की झोपेचं सोंग करायची. त्यांनी आणलेली वस्तू हातात घ्यायची नाही, मी उचलून दिली तरच घ्यायची.

मी सांगायला जायची. रोज जायची.

"वृषे."

"काय गं?"

"काय न्हाई. डोकं चेपू?"

खरं सांगायचं तर दुसरीही एक गोष्ट होती. ती आता मला सोडत नव्हती. लहानपणी ही पोर बापवेडी. चालायला लागली तीही त्यांचं बोट धरून. मला नेहमी वाटायचं की घरात आपण फक्त रागवायला आहोत. आणि आता ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायची, "आई, तू एकटीच हायस माझी." ते शब्द मला सोडवेनात. सांगितलं तर ती माझ्याकडंही तशीच बघेल, जशी त्या बाकावरून बापाकडं बघत होती. मी म्हणायची, ऑपरेशन होऊ दे, हिच्या अंगात जीव येऊ दे, मग सांगेन. तोवर थोडे दिवस माझी राहू दे.

पाचव्या आठवड्यात डायलिसिस चालू असतानाच तिला थंडी भरली. दात वाजायला लागले. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले म्हणाले. तिथूनच वर अतिदक्षता विभागात नेलं. चार दिवस होती.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. आम्हा दोघांना पाच मिनिटं आत सोडलं. मी उशाशी, हे पायाशी. ह्यांनी तोंडाला मास्क लावला होता आणि उबळ आली तरी ती दाबून धरत होते. अंग नुसतं हलत होतं.

"वृषे," ते म्हणाले.

तिनं मान वळवली. माझ्याकडं. माझं बोट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. नर्स म्हणाली, चला, वेळ झाली. तिनं चला म्हटल्यावर मी निघाले.

गुरुवारी सकाळी ती गेली.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मांडवाचे बांबू सोडून नेले. घरात दोघंच राहिलो. हे भिंतीला टेकून चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. इतक्या दिवसांत रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

"तुम्ही का सांगिटलं न्हाईसा तिला?" मी म्हणाले. "मी पापिणी हाय, मला धीर झाला न्हाई. पण तुमचं तोंड कुणी धरलं हुतं? एकदा सांगायचं हुतं की तिला, तुझ्या आईच्या बोलण्यानं ओढली म्हणून. शपथ खरी हुती म्हणून. का सांगिटलं न्हाईसा?"

त्यांनी कप खाली ठेवला. थोडं खोकले, तोंड पुसलं. माझ्यावर रागावलेत असं मला वाटलं नाही. उलट मलाच समजवायला लागल्यासारखे बोलले.

"सांगिटलं आसतं तर तुझ्याकडं बी पाठ केली आसती तिनं," ते म्हणाले. "आजारी पोर, मालन. दोघांतलं एक तरी तिला आपलं वाटाय नको?"